संशोधकांचे प्रश्न : आधी कागद बघा, मग शीर्षक ठरवा

प्रश्न : राज्यशास्त्रात पीएच.डी.साठी मी ‘नागपूर महानगरपालिकेतील महिलांचा राजकीय सहभाग : एक अभ्यास’ हा विषय दिला होता. समितीने ‘व्याप्ती कमी करा’ एवढाच शेरा मारून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत पाठवला. नेमकं काय कमी करू? – एक वाचक, महाल

उत्तर : शीर्षकात ‘एक अभ्यास’ आलं की समजावं, प्रश्न अजून सापडलेला नाही. तुमच्या विषयात महानगरपालिका आहे, महिला आहेत, पण त्यांच्याबद्दल काय शोधायचंय ते नाही. नुसती वर्षं छाटून सिनॉप्सिस पाठवलात तर तोच शेरा पुन्हा येईल.

२०१७ ची निवडणूक घ्या. १५१ जागा, त्यातल्या निम्म्या महिलांसाठी राखीव आणि एका प्रभागात चार सदस्य (एक प्रभाग तेवढा तिघांचा). आता विचारा : नगरसेवक चार असताना नळाची तक्रार कोणाकडे जाते, कामाचा प्रस्ताव कोण मांडतं, त्यात नगरसेविकेच्या वाट्याला काय येतं? मार्च २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली, म्हणजे कालखंडही आपोआप ठरला. २०१२ शी प्रभागनिहाय तुलना करायचा मोह मात्र आवरा. तेव्हा प्रभाग दोन सदस्यांचे होते, हद्दी वेगळ्या होत्या. आकडे शेजारी मांडता येतील, पण त्यातून काही सिद्ध होणार नाही.

सिनॉप्सिस पुन्हा देण्याआधी सर्वसाधारण सभेची कार्यवृत्तं, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदी, डोळ्यांखालून घाला. कित्येकदा त्यात ठराव असतो, चर्चा नसते. कोण बोललं हेच नोंदलेलं नसेल तर ‘सभेतील सहभाग’ हे प्रकरण उभं राहणार नाही आणि ते तिसऱ्या वर्षी कळलं तर फार उशीर झालेला असेल. कागद सरळ मिळाले नाहीत तर निगम सचिवांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत हवा. पाच विषय एकत्र कोंबलेत तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात. पाच वर्षांच्या सगळ्या प्रती मागू नका. आधी अवलोकन (कार्यालयात बसून कागद पाहणं) मागा, पानं निवडा, तेवढ्याच प्रती घ्या.

मुलाखतींसाठी २० ते २५ नगरसेविका पुरेत, मात्र निवडीचा आधार लिहून ठेवा : पक्ष, जागेचं आरक्षण, पहिलीच खेप की पुन्हा निवडून आलेल्या. बऱ्याच ठिकाणी उत्तरं पतिराज देतील. ती मुलाखत फेकू नका. कोणत्या प्रश्नाला कोण बोललं हे त्याच दिवशी टिपून ठेवा, तुमच्या प्रश्नाला याहून थेट पुरावा मिळणं कठीण.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. नोकरी सांभाळून समाजशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. मुदत किती मिळते? – एक वाचक, हिंगणा

उत्तर : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क (सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) धरून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात आणि महिलांना त्यावर दोन, म्हणजे फार तर दहा. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे.

अर्धवेळ प्रवेशात अडचण येते ती ना-हरकत पत्रावर. संस्था एका ओळीत ‘आमची हरकत नाही’ लिहून देते आणि ते पुरत नाही. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. मसुदा तुम्हीच टाइप करून मुख्याध्यापकांपुढे ठेवा. गाइड ठरवण्याआधी त्यांच्या निवृत्तीचं वर्षही विचारा, संकोच नको. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

प्रश्न : प्रबंध मराठीत आहे. साम्यतपासणीची (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, याच्या सॉफ्टवेअर तपासणीची) काळजी करावी का? – एक वाचक, कामठी

उत्तर : करावी. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत असेल तर प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. टंकलेखकाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम केलं असेल तर सॉफ्टवेअरला तो मजकूर वाचताच येत नाही आणि फाइल परत येते. रूपांतर करून घ्या, पण त्यात जोडाक्षरं आणि रफार तुटतात. म्हणून रूपांतरानंतर पूर्ण प्रबंधाचं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागेल. त्यासाठी निदान तीन आठवडे हाताशी ठेवा.