गावातला कचरा लोकसहभागातून सुटतो का?

तुमचा प्रश्न असा: गावात घंटागाडी आली, सहा महिन्यांत बंद पडली, कचरा पुन्हा ओढ्यात, आता समिती नेमून उपयोग होईल का? होईल. पण समितीत कोण बसतं, ते आधी बघा.

हवेली तालुक्यातल्या आमच्या गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मी चार वर्षं काम केलं. सुरुवातीला आम्ही चार-पाच जणांनी कार्यालयात बसून वाडीलगतच्या गायरानात खतखड्ड्याची जागा ठरवली. पहिल्याच आठवड्यात वाडीने गाडी अडवली. त्यांचं बरोबरच होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय उरुळी देवाची-फुरसुंगीने पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, तिथल्या विहिरी नासल्या, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं.

मग विषय महिला सभेत नेला. तिथे कळलं, की नऊला गाडी येते तेव्हा बायका रानात नाहीतर कंपनीत गेलेल्या असतात. आणि गोठा असलेल्या घरांचा ओला कचरा उकिरड्यातच जातो; खरा प्रश्न नव्या बिल्डिंगांचा. वेळ साडेसहाची केली. मोठा खड्डा रद्द करून दोन लहान केले: गावठाणाचा गावठाणात, वाडीचा वाडीत. भांडण तिथेच मिटलं.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये धरलेत. तीन हजारांच्या गावाला एक लाख ऐंशी हजार. त्यात खड्डे, शेड होईल. दर महिन्याचा पगार आणि डिझेल गावालाच उभं करावं लागतं. बहुतेक गाड्या इथेच थांबतात. आम्ही घरटी वर्गणी ग्रामसभेत ठरवली आणि दर महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहायला लागलो. त्यानंतर वसुली सुधारली.

गाडीवरच्या ताईंना समितीच्या बैठकीला बोलवा, हा माझा सगळ्यात जास्त आग्रह. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला, तेव्हा हेच लोक कामाचे भागीदार झाले. कुठल्या घरातून मिसळलेला कचरा येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

वेष्टनांचं प्लास्टिक आमच्याकडे आजही साठतं, भंगारवाला ते घेत नाही. बाकी गाडी चालू आहे. तुम्ही येत्या ग्रामसभेत आधी बंद गाडीचा हिशोब मागा, समितीचं नंतर बघू.