स्नूकरचे निकाल, रँकिंग आणि क्लबातली स्पर्धा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निकालात ‘७५(७५)-०’ असं छापतात. कंसातला आकडा कसला? आणि पाच रेड टेबलावर असताना समोरचा हार मानून हात मिळवून मोकळा का होतो? (भुसावळ)

उत्तर : कंसात ब्रेक असतो, म्हणजे टेबलावरच्या एका पाळीत न चुकता केलेले गुण. साधारणपणे ५० आणि त्यावरचेच ब्रेक छापतात. इथे सगळे ७५ एकाच ब्रेकमध्ये आले.

आता हात मिळवण्याचं. शिल्लक रेडना ८ ने गुणा (रेडचा १, त्यामागोमाग मारायच्या ब्लॅकचे ७) आणि शेवटी उरणाऱ्या सहा रंगीत चेंडूंचे २७ त्यात मिळवा. पाच रेडचे ६७ होतात. पिछाडी ७५ ची, म्हणजे टेबल साफ केलं तरी ८ कमीच. समोरच्याने फाउल केला की आपल्याला किमान ४ मिळतात. दोन फाउलवर बरोबरी होते आणि ब्लॅक पुन्हा मांडून निकाल लावतात. सरळ जिंकायचं तर तिसरा फाउल हवा, किंवा दोनपैकी एक तरी ५ किंवा जास्त गुणांचा.

आपल्याकडे मोजताना दोन गोष्टी हमखास सुटतात. रेड पडला आणि रंग मारायचा बाकी असेल, तर शिल्लक आणखी ७ ने वाढते. आणि फाउलनंतर फ्री बॉल (रेड अडलेला असेल तर दुसरा चेंडू रेड म्हणून मारायची मुभा) मिळाला तर तो जादा रेड धरला जातो. त्यावर ब्लॅक घेतला की ८ वाढले. व्यावसायिक खेळाडू सहसा फाउल देत नाहीत, म्हणून ते लवकर सोडतात. क्लबातल्या खेळात पाच रेड असताना ८ गुणांसाठी फ्रेम (एक पूर्ण डाव) सोडणं मला अजिबात पटत नाही. खेळत राहा.

प्रश्न : २०२३ चा विश्वविजेता लुका ब्रेसेल २०२५ मध्ये शेफील्डच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत दोन सामने जिंकला, तरी रँकिंगमध्ये घसरला. असं कसं? (धुळे)

उत्तर : रँकिंग म्हणजे मागच्या दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांतून मिळालेल्या बक्षिसांची बेरीज. नवी स्पर्धा संपली की दोन वर्षांपूर्वीच्या त्याच स्पर्धेची रक्कम वजा होते. ब्रेसेलच्या खात्यातून विजेतेपदाचे ५ लाख पौंड गेले आणि उपांत्यपूर्व फेरीचे ५० हजार आले. एकाच स्पर्धेत साडेचार लाखांचा खड्डा. त्याच वर्षी झाओ शिनटाँग हौशी खेळाडू म्हणून आला, पात्रता फेरीचे चार सामने जिंकून मुख्य स्पर्धेत पोहोचला, अंतिम फेरीत मार्क विल्यम्सला १८-१२ हरवलं आणि ते ५ लाख खात्यात धरून थेट अकराव्या क्रमांकावर बसला.

मास्टर्सचं बक्षीस मात्र यात धरत नाहीत. ती पहिल्या सोळांसाठीची निमंत्रित स्पर्धा आहे. सर्वोच्च ब्रेकचं बक्षीसही धरत नाहीत.

प्रश्न : एकच टेबल, २२ नावं, मे महिना. बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन फ्रेम जिंकेल तो विजयी) स्पर्धा दोन दिवसांत होईल का? (चाळीसगाव)

उत्तर : नाही. २२ खेळाडू म्हणजे २१ सामने, ४२ ते ६३ फ्रेम. क्लबात फ्रेमला ३५ मिनिटं धरली तरी साडेचोवीस तास लागतात, आणि सामने लांबले तर जवळजवळ सदतीस. चार-पाच दिवस ठेवा, नाहीतर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत एकेकच फ्रेम खेळवा.

ड्रॉ ३२ चा काढा. १० जणांना बाय (न खेळता थेट दुसरी फेरी), उरलेल्या १२ जणांचे ६ सामने. दुसऱ्या फेरीत बरोबर १६ उरतात. बाय चिठ्ठीने द्या, ओळखीने नको; भांडणं तिथेच होतात.

आणखी एक, आणि खानदेशात हे फार महत्त्वाचं आहे : कूलरचं तोंड टेबलाकडे करू नका. दमट हवेने कापड ओलावतं, चेंडू जड धावतो आणि सकाळी खेळलेल्याला एक टेबल, दुपारी खेळलेल्याला दुसरं मिळतं. मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली (कापडाखालच्या दगडी फरशीखाली) हीटर असतात ते कापड कोरडं राहावं म्हणूनच. सामन्यांच्या मधल्या वेळेत बॉल्क बाजूकडून (जिथून फ्रेमचा पहिला फटका मारतात) ब्लॅककडे, एकाच दिशेने ब्रश मारा. उलटा मारला तर कापडाची लव उभी राहते आणि हळू मारलेला चेंडू भलतीकडे वळतो. रात्री टेबल झाकून ठेवा. काळ्या मातीची धूळ कापडात बसली की ब्रशनेही पुरती निघत नाही.