गोळी, काडतूस, पुंगळी

प्रश्न असा आला आहे: 'जिवंत काडतूस' आणि 'गोळी' एकच का? आणि रायफलींवरच्या लेखाचा अनुवाद करताना '१२ ग्रॅमची गोळी', '७.६२ ची गोळी' असे लिहिले तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर 'नाही', दुसऱ्याचेही बहुधा 'नाही'च.

नळीतून सुटून लक्ष्यापर्यंत जाते ती गोळी. गोळी, तिच्यामागची दारू, दारू पेटवणारा प्रायमर आणि हे सगळे सामावून घेणारी पितळी पुंगळी, असा सबंध ऐवज म्हणजे काडतूस. झाडल्यावर रायफलीबाहेर पडते ती रिकामी पुंगळी. पंचनाम्यात तिची नोंद वेगळी होते ती म्हणूनच. 'जिवंत' म्हणजे न झाडलेले. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी वेगवेगळी भरतात, तिथे काडतूस नसतेच. उलट बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसात बहुधा गोळीच नसते, छर्रे असतात. 'काडतूस' आपल्याकडे पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आले. शब्द नपुंसकलिंगी, अनेकवचन 'काडतुसे', सामान्यरूप 'काडतुसा-'. 'काडतूसे' असा दीर्घ ऊ बातम्यांत सर्रास दिसतो, तो चूक. बंदूक–बंदुका, पिस्तूल–पिस्तुले तसेच हे. सैन्यात 'राऊंड' म्हणतात तेव्हा सबंध काडतूसच अभिप्रेत असते, म्हणून 'तीस राऊंडांचे मॅगझिन' असेच राहू द्यावे.

आता १२ ग्रॅम. इन्सास रायफलीचे काडतूस ५.५६ × ४५ मिमी मापाचे. याच मापाच्या नाटो प्रमाणाच्या एसएस१०९ प्रकारात सबंध काडतूस साधारण १२ ग्रॅमचे भरते, पण गोळी फक्त ४ ग्रॅमची. नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ९२० मीटर धरला, तर ४ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा जेमतेम १७०० ज्यूल येते. अनुवादात 'गोळीचे वजन १२ ग्रॅम' असे लिहिले की तोच हिशेब ५१०० च्या आसपास जातो, आणि हे छोटे काडतूस जुन्या एसएलआर रायफलीच्या ७.६२ × ५१ काडतुसापेक्षा दीडपट जोरदार ठरते! वजनाचा आकडा दिसला की तो सैनिकाने वाहायच्या ओझ्याबद्दल आहे की माऱ्याबद्दल, हे आधी पाहावे. ओझ्याबद्दल असेल तर 'काडतूस', माऱ्याबद्दल असेल तर 'गोळी'.

'७.६२' एवढेच लिहिणे तर निव्वळ अर्धवट. एके-२०३ रायफलीचे काडतूस ७.६२ × ३९, सिग ७१६ रायफलीचे ७.६२ × ५१. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. शिवाय पहिला आकडा म्हणजे गोळीचा व्यास नव्हे; नळीच्या आत पिळदार खाचा कोरलेल्या असतात, आणि हा त्या खाचांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांतल्या अंतराचा नाममात्र आकडा. गोळी त्याहून थोडी जाड असते, म्हणून तर ती खाचांत घट्ट बसून फिरते: ७.६२ × ५१ ची गोळी ७.८२ मिमी, ७.६२ × ३९ ची सुमारे ७.९. त्यामुळे 'व्यास ७.६२ मिमी' असे न लिहिता 'कॅलिबर ७.६२ मिमी' लिहावे.

अनुवादात 'स्मार्ट दुर्बीण' असाही शब्द आला असेल. दुर्बीण म्हटले की दूरचे मोठे दिसणे आले, पण लाल ठिपका दाखवणारी साधी साइट (रायफलीवर बसवायचे नेम धरण्याचे साधन) काहीच मोठे करत नाही. सरसकट 'साइट' लिहावे हे बरे. मोठे दाखवणारी असेल तिथेच 'दुर्बीण'. (नळीच्या टोकाच्या उंचवट्याला 'माशी' हा छान शब्द आहेच, तो मात्र सोडू नये.) अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये निवडलेली एक्सएम१५७ ही दुर्बीणही आहे आणि गणकही: लेझरने अंतर मोजते, तेवढ्या अंतरात गोळी किती खाली येईल याचा हिशेब करते आणि नेम कुठे धरायचा ते काचेत दाखवते. अशा साइटला काडतुसाची माहिती आधी द्यावी लागते. काडतूस बदलले आणि माहिती जुनीच राहिली, तर लेझरने अंतर बिनचूक मोजूनही गोळी वर किंवा खाली लागते. या वाक्यात 'काडतूस' आणि 'गोळी' यांची अदलाबदल करून पाहा, अर्थच राहत नाही.