पास काढू की रूम घेऊ?

प्रश्न : मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे, वय 36. पदोन्नतीवर गोंदियाला बदली झाली आहे. नवरा बुटीबोरीच्या एमआयडीसीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मुलगा दुसरीत आहे. सासूबाई आमच्याजवळच असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. घर नागपुरात, मनीषनगरला. ऑफिसमधले म्हणतात, ‘पास काढ, सगळेच अपडाउन करतात.’ आई म्हणते, तिथे रूम घे. नवरा म्हणतो, ‘तू ठरव, माझी काही हरकत नाही.’ काय करू?

उत्तर : याच लाइनवर मी तुमसर रोडपर्यंत अपडाउन केलंय, त्यामुळे ‘सगळेच करतात’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. करतात, खोटं नाही. डब्यात मेथी निवडून होते, शेंगा सोलून होतात, संक्रांतीचं वाणसुद्धा गाडीतच लुटलं जातं. मैत्रिणी मिळतात त्या जन्माच्या. पण तुमसर कुठे आणि गोंदिया कुठे! नागपूरहून रेल्वेनं साधारण 130 किलोमीटर. रेल्वेचा पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो, म्हणून तो तुम्हाला मिळेल, सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरून. तेवढ्यानं अपडाउन जमेलच असं नाही.

पैशांआधी घड्याळ बघा. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून, म्हणजे 2020 पासून, सरकारी कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे मनीषनगरातून पहाटेच निघायचं आणि गाडी वेळेवर असली तरी घरी पोचेस्तोवर रात्रीचे नऊ वाजून जायचे. ती वेळेवर असेलच असंही नाही. हावडा-मुंबई मार्ग, मालगाड्यांची सततची वर्दळ. नागपूरच्या अलीकडे, कळमन्याच्या आउटर सिग्नलला गाडी थांबते ती थांबतेच. शहराचे दिवे समोर दिसतात, घरून फोन येतो, ‘कुठवर आलीस?’, आणि ‘कळमना’ एवढंच सांगता येतं. मुलगा झोपेत असताना निघायचं आणि तो झोपल्यावर यायचं, याला ‘घरी राहणं’ म्हणायला मी तयार नाही. त्यापेक्षा गोंदियाच्या रूमवरून संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलवर त्याचे पाढे घेणारी आई त्याच्या वाट्याला जास्त येईल. शनिवार-रविवार तर तुम्ही पूर्ण घरच्याच.

तेव्हा माझं मत रूमकडे. मात्र तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट दुसरीच आहे. ‘माझी काही हरकत नाही’ हे ऐकायला गोड वाटतं, पण त्यात सकाळचा डबा कोण भरणार, याचं उत्तर नाही. नाइट शिफ्टच्या आठवड्यात मुलाजवळ रात्री कोण? सासूबाईंनी जिने किती चढायचे? हे तुम्ही पहाटे चारला उठून निभावणार, असं घरात सगळ्यांनी मनातल्या मनात गृहीत धरलेलं दिसतं. बदली तुमची झाली, पण घर दोघांचं आहे ना? त्यांनी कंपनीत बोलून निदान पहिले काही महिने जनरल शिफ्ट मागावी. नाही मिळाली तर पोळ्यांना आणि संध्याकाळी सोबतीला बाई लावावी, आणि ती त्यांनी शोधावी, तुम्ही नव्हे.

आता पैशांचं. गोंदियात घरभाडे भत्त्याचा दर नागपूरच्या निम्म्यावर येईल, तो धरूनच रूमचं बजेट ठरवा. पती-पत्नी एकत्रीकरणावर, म्हणजे दोघांना एकाच ठिकाणी नेमणूक देण्याच्या सवलतीवर, फार भिस्त ठेवू नका; नवरा खासगी कंपनीत असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. बालसंगोपन रजा मात्र 180 दिवसांची आहे. ती आत्ताच उधळू नका, आजारपणाला आणि परीक्षेला राखून ठेवा. बदली कायद्यानुसार एका पदावरचा कालावधी सर्वसाधारणपणे 3 वर्षांचा असतो, पण परतीचा विनंती अर्ज कधी करता येईल, हे रुजू झाल्यावर आस्थापना शाखेत विचारून घ्या.

बुधवारी रात्री घरी येऊन गुरुवारी पहाटेची गाडी धरता आली तर आठवडा मधे तुटतो. त्यासाठी रूम स्टेशनजवळची हवी, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. ती बघायला एकट्या जाऊ नका. नवऱ्यालाही गाडीनंच न्या, आणि परतताना संध्याकाळची गाडी धरा.