पोल्लुएरे : विटाळणं, बाटवणं की काळिमा फासणं?

प्रश्न असा आलाय : लॅटिन ‘पोल्लुएरे’ या क्रियापदाला शब्दकोशात ‘दूषित करणे’ दिलंय, मग रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्यात तह कसा काय ‘दूषित’ होतो?

आधी ‘पोल्यूशन’चा आजचा अर्थ डोक्यातून काढून टाका. नदीनाल्यांशी त्याची सोयरीक अलीकडची. ब्रिटनमध्ये १८७६ साली झालेल्या नद्यांच्या कायद्याच्या नावात तो दिसतो. त्याआधी चर्चच्या लॅटिनमध्ये ‘पोल्लूतिओ’ म्हणजे पावित्र्यभंग, आणि हो, स्वप्नदोषसुद्धा.

व्युत्पत्ती चिखलाची आहे. ‘लुतुम’ म्हणजे चिखल, त्याच कुळातला हा ‘पोल्लुएरे’तला ‘लु’. धुणे या अर्थाचा ‘लुएरे’ दिसायला अगदी तसाच, पण वेगळा. दोघांची गल्लत केली तर मळवणं आणि धुणं एकाच धातूतून आल्यासारखं वाटतं.

आता वापर. ‘इनीड’च्या तिसऱ्या सर्गात हार्पी नावाच्या पक्षिणी जेवणावर झडप घालतात : ‘पोल्लुइत ओरे दापेस’. तोंड लावून त्यांनी पानं विटाळली. इथे ‘उष्टावली’ म्हटलं तरी चालेल, पण किळस कमी पडते. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातला पायथागोरस सुवर्णयुगातल्या माणसांबद्दल म्हणतो की त्यांनी रक्ताने तोंड विटाळलं नाही. इथवर मराठी बिनतक्रार साथ देते.

त्याच तिसऱ्या सर्गात मात्र गाडी अडते. ट्रॉयच्या राजाने आपला मुलगा पोलिदोरस सोनंनाणं देऊन थ्रेसच्या राजाकडे सांभाळायला पाठवलेला असतो. ट्रॉय पडतंय म्हटल्यावर हा यजमान सोन्यासाठी पोराला मारून टाकतो. ते कळल्यावर काव्याचा नायक इनियस याचे लोक ठरवतात : हे ‘पोल्लूतुम होस्पितिउम’ सोडून निघायचं. आतिथ्य विटाळलं? छे. आतिथ्याला काळिमा फासला. सातव्या सर्गातला तहही तसाच, आणि पाचव्यात इनियस सोडून गेल्यावर त्याची प्रेयसी, कार्थेजची राणी डायडो हिचं प्रेमही ‘पोल्लूतुस’च. रोमनांच्या लेखी पाहुणचार, तह, शपथ यांवर देवांची नजर असे. ते मोडणं म्हणजे नुसता शब्द फिरवणं नव्हे, ते पाप. म्हणून ‘तह मोडला’ हे भाषांतर चुकीचं नाही, पण अळणी आहे. माझं मत ‘भ्रष्ट करणे’ला. तो शब्द ताट, देऊळ आणि वचन, तिन्हींना लागतो.

‘बाटवणे’ मात्र जपून. मराठीत, विशेषतः गोव्याच्या इतिहासामुळे, त्याला धर्मांतराचा वास चिकटलाय. तो शब्द मी भावंड क्रियापदासाठी राखून ठेवीन : ‘कोन्तामिनारे’. हे स्पर्शातून आलंय, ‘तांगेरे’ म्हणजे शिवणे. इसवी सनपूर्व ४४५ मध्ये कानुलेयस या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्यांच्या प्रतिनिधीने, उमराव-सामान्यांच्या रोटीबेटी-व्यवहारातल्या बेटीची बंदी उठवणारा कायदा मांडला, तेव्हा आपलं रक्त ‘कोन्तामिनारी’ होईल अशी उमरावांना भीती वाटली, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. तिथे ‘रक्त बाटेल’ याहून नेमकं मराठी मला तरी सुचत नाही.

याच क्रियापदावरून नाटककार टेरेन्सवर आरोप झाला होता : दोन ग्रीक नाटकं एकात कालवून त्याने ती ‘बाटवली’. आपल्या ‘आंद्रिया’ नाटकाच्या प्रस्तावनेत तो विरोधकांना उत्तर देतो की नीव्हियस, प्लाउटस, एन्नियस या आधीच्या नाटककारांनीही हेच केलंय, मग त्यांनाही दोष द्या.