पणजीचा मृत्यूनंतर काढलेला फोटो सापडला आहे, घरात ठेवावा की तापीत सोडावा?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याच्या जुन्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत पणजीचा फोटो निघाला. तिला खुर्चीत बसवलंय, डोळे मिटलेले, गळ्यात हार. घरातले म्हणतात अशुभ आहे, तापीत सोडून द्या. तुम्हाला तो ठेवायचाय, पण कसा ते माहीत नाही.

सोडू नका. मी गेली अकरा वर्षं अमळनेर, पारोळा, धुळे या भागांतून असे फोटो जमवतोय. काही भंगारवाल्याकडून घेतले, काही बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावरून उतरवले, बरेचसे लोकांनी स्वतः आणून दिले. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे 'तिचा दुसरा फोटोच नव्हता हो.' फोटोवाला तालुक्याच्या गावी, त्याला घरी बोलवायचं तर पैसे मोजा. बायामाणसांचा फोटो जिवंतपणी निघायचाच नाही. माणूस गेलं की मग कुणीतरी सायकल काढायचं. इथल्या मे महिन्यात देह फार वेळ ठेवता येत नाही. लांब दिलेली लेक वेळेत पोचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तिला तेराव्याला तरी आईचं तोंड दिसावं म्हणून तो फोटो. एका आजींनी मला हे सांगितलं तेव्हापासून 'अशुभ' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

पणजीच्या कपाळाकडे नीट बघा. मळवट भरलेला असेल, लुगडं गडद दिसत असेल, ओटी भरलेली असेल, तर ती सवाष्ण गेली. म्हणजे पणजोबा तिच्या मागे राहिले. वंशावळीसाठी एवढी एक गोष्टसुद्धा मोठी आहे. मग फोटोच्या कडा बघा. माझ्याकडच्या एका फोटोत खुर्चीमागे चादर धरलीय आणि उजव्या कडेला चादरीच्या आडून चार बोटं आली आहेत, करंगळीशेजारच्या बोटात अंगठी. ती बोटं आजीबाईंचा खांदा सावरताहेत. सहा महिने तो फोटो माझ्याजवळ होता, तरी ती बोटं मला दिसली नव्हती. भिंग घेऊन बसलो तेव्हा दिसली.

मात्र बसवलेला प्रत्येक माणूस मेलेला असतो असं समजू नका. उलट लिंगायत आणि गोसावी घरांत देह बसवूनच नेतात, त्यामुळे तिथे बसलेला फोटो ही रीतच आहे. इंटरनेटवर तर याबाबतीत फार खोटं चालतं. पॅरिसमध्ये 1839 साली डॅग्युरोटाइप, म्हणजे फोटो काढायची अगदी सुरुवातीची पद्धत, जाहीर झाली तेव्हा एका फोटोला काही मिनिटंही लागत. हललं की चेहरा पुसट येई, म्हणून मानेमागे लोखंडी स्टँड लावत. तो स्टँड जिवंत माणसांसाठी होता. मृतदेह उभा करण्याइतका जोर त्याच्यात नसायचा. तरी 'उभं केलेलं प्रेत' म्हणून साधे व्हिक्टोरियन काळातले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडातले, जिवंत माणसांचे फोटो महाग विकले जातात. तिकडेही मुलं गेली की झोपल्यासारखी निजवून फोटो काढत, आणि कारण आपल्यासारखंच होतं, की दुसरा फोटो नसायचा. आपल्याकडे मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, पण खेड्यात कॅमेरा यायला फार काळ गेला. तुमचा फोटो कधीचा, ते मागच्या पुठ्ठ्यावरच्या स्टुडिओच्या शिक्क्यावरून कळायला मदत होईल. शिक्का असेल तर तो पुठ्ठा अजिबात फेकू नका.

आता जपायचं कसं. पत्र्याच्या पेटीतून आधी काढा. धाब्याच्या घरात पावसाळ्यात वरून ओल येते, माती झडते, आणि उन्हाळ्यात तीच पेटी भट्टी होते. फोटोला सगळ्यात वाईट काय, तर हा चढउतार. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात ठेवा. फ्रेममध्ये असेल आणि काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वाफ देऊ नका, पाणी लावू नका. वरचा जिलेटिनचा थर काचेबरोबर निघून येतो आणि मग चेहराच जातो. तसाच काचेसकट स्कॅन करा. सुटा असेल तर कडेने धरा, किमान 600 डीपीआयला स्कॅन करा आणि टिफ फाइल ठेवा. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल, पीव्हीसीच्या पिशव्या, डांबरगोळ्या यातलं काहीही नको. अ‍ॅसिड नसलेल्या कागदाचं पाकीट किंवा साध्या पॉलिएस्टरचं कव्हर घ्या. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर पाकिटाला लागू देऊ नका, डाग पडतात. जुन्या फ्रेममागची फळी आणि पिवळा पडलेला पुठ्ठा फोटोला खातात, पण शिक्का असलेला पुठ्ठा वेगळ्या पाकिटात जपा.

काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर उभ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळा कागद. एका गावी मी दोन दिवस उशिरा पोचलो. मालकांनी प्लेटा गरम पाण्यात धुऊन काचा फ्रेमवाल्याला दिल्या होत्या. बादलीत तळाशी करडा गाळ बसलेला होता. त्यात किती चेहरे होते, आता कोण सांगणार?

एक गोष्ट माझ्या हातून चुकली ती सांगतो, म्हणजे तुमच्या हातून चुकणार नाही. सुरुवातीला मी एका तान्ह्या बाळाचा फोटो फेसबुकवर टाकला. टोपडं, काजळ, उशाशी खुळखुळा. दोन दिवसांत कुणीतरी तो उचलून भुताच्या गोष्टीला लावला. महिन्याभराने पारोळा तालुक्यातून एका मुलाचा फोन आला, की आजी तुमच्याशी बोलायचं म्हणते. मी गेलो. ऐंशीच्या पुढच्या आजी. फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "हाऊ मना मोठा भाऊ शे. मी याले कधीच देखेल नही." त्यांच्या जन्माआधीच तो गेला होता, आणि घरातला फोटो पुरात गेलेला. मी त्यांची माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, त्यांना फक्त एक प्रत हवी होती. तेव्हापासून घरच्यांना विचारल्याशिवाय मी एकही फोटो कुठे टाकत नाही. तुम्हीही टाकू नका.

घरातल्यांना फोटो नकोच असेल तर भांडू नका. भिंतीवर लावायची गरज नाही, पाकिटात राहू द्या. तेही नको म्हणाले तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेला पत्र लिहून विचारा. इतिहासाचार्य राजवाडे लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं वाळवीच्या तोंडून काढत गावोगाव हिंडले, आणि 1926 साली धुळ्यातच गेले. मंडळ त्यांच्या मागे 1927 साली उभं राहिलं. देताना फोटोसोबत लेखी माहिती द्या, नुसता फोटो देऊ नका.

आणि ती माहिती या आठवड्यातच गोळा करा. घरात सगळ्यात म्हातारं जे कोण असेल, आत्या, मोठी माय, त्यांच्यासमोर फोटो ठेवा आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. पणजीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, कुठल्या गावची, कशाने गेली, मागे उभे आहेत ते कोण. मग मऊ पेन्सिलीने पाकिटावर लिहा, फोटो आत घालायच्या आधी, नाहीतर दाब उमटतो. बॉलपेन नको. पारोळ्याच्या आजींना मी बाळाचं नाव विचारलं होतं. म्हणाल्या, बारसं व्हायच्या आधीच गेला, घरात बाळ्या म्हणायचे. माझ्याकडच्या पाकिटावर तेच लिहिलंय, बाळ्या, आणि खाली आजींच्या आईचं नाव.