तळाला भोक न पाडता ट्रान्सड्यूसर

प्रश्न : आमची बावीस फुटी फायबर होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. फिश फाइंडरचा (मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी घेणारा भाग, ट्रान्समला (होडीच्या मागच्या उभ्या फळीला) बाहेरून लावलेला होता, होडी वाळूवर ओढताना दोनदा तुटला. तो आतून बसवता येतो असे ऐकले. भोक पाडावे लागते का? कसा बसवायचा?
– वाचक, हर्णै

उत्तर : भोक लागत नाही. सलग फायबरच्या तळातून आवाज आरपार जातो. पण तळ खरोखर सलग फायबरचा आहे ना, हे आधी पक्के करा. आपल्याकडे जुन्या लाकडी होडीवर फायबरचे कोटिंग करून ती ‘फायबर होडी’ म्हणून विकली जाते. तिच्यात हा उद्योग व्यर्थ आहे. दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा फोम भरलेला असेल तरीही तेच. लाकडात आणि फोममध्ये हवा असते आणि ट्रान्सड्यूसरचा आवाज हवा ओलांडत नाही, तिथूनच परततो. शंका असेल तर होडी बांधणाऱ्यालाच विचारा.

दुसरी मर्यादा यंत्राची. 50 किंवा 200 किलोहर्ट्झचा साधा सोनार (प्रतिध्वनीवर चालणारे यंत्र) होडीच्या तळातून चालतो. समुद्रतळाचे फोटोसारखे चित्र दाखवणारे डाउन आणि साइड इमेजिंग 455 किंवा 800 किलोहर्ट्झवर चालते. ते आतून मिळणार नाही. पाण्याचे तापमानही विसरा, यंत्र तळाच्या फायबरचे तापमान दाखवील.

जागा निवडताना होडी पूर्ण वेगात असतानाही जो भाग पाण्यात राहतो तोच घ्या. आउटबोर्डच्या होडीत तो मागच्या बाजूला, ट्रान्समपासून अर्धा-एक मीटर पुढे, पठाणाच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) जवळ पण त्याच्या बरोबर वर नाही, असा सापडतो. त्या जागेच्या पुढे तळाला बाहेरून पट्टी, पाणी आत घेण्याचे तोंड किंवा बोल्ट नको; त्यांच्यामागे बुडबुड्यांची रांग निघते.

आता चिकटवण्याआधीची चाचणी, आणि ही कुणीही टाळू नये. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर बुडवा, हवा काढून पिशवी बांधा. तळ ओला करून त्यावर पिशवी ठेवा, ट्रान्सड्यूसरचे तोंड खाली. यंत्राची सेन्सिटिव्हिटी ऑटोवरून काढून मॅन्युअलवर ठेवा, कारण ऑटो आपणहून प्रतिध्वनी वाढवून दाखवते आणि कमकुवत जागासुद्धा चांगली वाटते. मग तोच ट्रान्सड्यूसर काठावरून पाण्यात धरून तुलना करा. तुम्ही जितक्या पाण्यात जाळे टाकता तितक्याच खोलीवर हे करा. दोन वाव (सुमारे साडेतीन मीटर) पाण्यात कोणतीही जागा पास होते. आवाज तळातून दोनदा जातो, जाताना आणि परतताना, म्हणून थोडे नुकसान होणारच. प्रतिध्वनीची रेघ फार फिकी पडली तर एक-दीड वीत पुढेमागे सरकवून पाहा.

जागा ठरली की तिथला रंग आणि जाळीदार रोव्हिंगचे (काचधाग्याच्या जाड कापडाचे) उंचवटे 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या. ट्रान्सड्यूसरचे तोंडही हलकेच घासा, पण अ‍ॅसिटोन लावू नका. काही प्लॅस्टिक त्याने खराब होते. दोन डब्यांचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत सुकणारा तापतो आणि आत बुडबुडे अडकवतो. सिलिकॉन तर बिलकूल नको. एका वाटीएवढ्या ट्रान्सड्यूसरला चाळीस-पन्नास ग्रॅम मिश्रण पुरते. काडीने हळू ढवळा. फेटाल तर हवा शिरेल. भोवती एम-सीलचा बांध घालून मध्ये इपॉक्सी ओता. ट्रान्सड्यूसर आधी एका कडेवर टेकवा, मग फिरवत-दाबत आडवा करा, म्हणजे हवा एका बाजूने बाहेर निघते. वर वजन ठेवून चोवीस तास हलवू नका. ही कामे मेमध्ये करायची तर सकाळी लवकर; दुपारच्या उन्हात इपॉक्सी हातातच घट्ट होतो. पावसाळी बंदीत होडी रिकामी असते खरी, पण ओलसर हवेत आणि दमट तळावर इपॉक्सी नीट धरत नाही.

एक ध्यानात घ्या. चिकटवलेला ट्रान्सड्यूसर पुन्हा काढताना बहुधा मोडतोच. आणि तुमच्या होडीचा तळ व्ही आकाराचा असेल, तर तो तिरपा बसून प्रतिध्वनी कमकुवत होईल. अशा वेळी पीव्हीसी पाइपचा तुकडा तळाच्या उतारानुसार खालून कापून त्याच जागी इपॉक्सीने चिकटवा, आत तेल भरा आणि ट्रान्सड्यूसर वरून टांगून सरळ खाली पाहील असा लावा. तो हवा तेव्हा काढता येतो.

प्रश्न : पाइपमध्ये खोबरेल तेल चालेल का?
– वाचक, मालवण

उत्तर : डिसेंबरच्या पहाटे गोठेल. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली घट्ट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन किंवा प्रोपिलिन ग्लायकोल घ्या. साधे पाणी उडून जाते, शेवाळही धरते. पातळी महिन्यातून एकदा पाहा. तोंडाखाली हवा आली की पडदा कोरा.

प्रश्न : हळू चालवताना खोली बरोबर दिसते, वेग घेतला की आकडा उडतो किंवा पडद्यावर ठिपके येतात. ट्रान्सड्यूसर आतच आहे.
– वाचक, अलिबाग

उत्तर : दोन कारणे संभवतात, दोघांची चाचणी एकच. नांगर टाकून थांबा, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून रेस वाढवा. ठिपके रेसबरोबर वाढले तर दोष विजेचा आहे. ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनच्या वायरिंगपासून आणि व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाच्या केबलपासून दूर न्या, यंत्राला वीज थेट बॅटरीतून फ्यूज लावून द्या, आणि उरलेली वायर कापू नका, सैल वेटोळे करून बांधा. थांबलेल्या होडीत पडदा स्वच्छ राहिला आणि चालताना बिघडला, तर तळाखाली बुडबुडे येत आहेत. मग जागा बदलण्यावाचून उपाय नाही. पिशवीची चाचणी या वेळी चालत्या होडीत करा.

प्रश्न : शिसे बांधलेल्या दोरीने मोजलेली खोली आणि यंत्राचा आकडा जुळत नाही.
– वाचक, देवगड

उत्तर : फरक कायम तितकाच, फुटाच्या आसपास असेल तर यंत्र ट्रान्सड्यूसरपासून मोजते आहे. पाण्याच्या पातळीपासून तो जितका खाली असेल तितका आकडा मेनूतील ऑफसेटमध्ये भरा. खोलीबरोबर फरक वाढत असेल तर एकक पाहा: फॅदम म्हणजे 1.83 मीटर. हाताने मोजलेला वाव त्याच्या जवळपास असला तरी माणसागणिक बदलतो, म्हणून तुलनेसाठी दोरीला मीटर टेपने खुणा करा आणि पाणी पालटण्याच्या वेळी, ओढ नसताना मोजा. ओढीत दोरी तिरकी जाते आणि खोली जास्त भरते.